पिशवीचं तोंड

…तर डबेमामा त्या ट्रकवाल्याला काय म्हणाले, इथवर काल आलो होतो. म्हणाले, "डबा पोकळ करून हवा असेल तर मागच्या गल्लीत जा. तिथे मिस्त्र्यांची डोकीही पोकळच आहेत!" ट्रकवाला हसत हसत डबा ठेवून गेला.

डबा म्हणजे डिझेल गाडीच्या धुराला लावलेली गाळणी. बाहेरून पत्र्याचं पिंप, आत मधाच्या पोळ्यासारखी हजारो बारीक भोकं. धूर त्यातून जातो, काजळी अडकते. अडकून अडकून डबा तुंबला की गाडीचा दम जातो. मग बाकीचे मिस्त्री काय करत? डब्याचं पोट कापायचं, आतलं पोळं पहारीनं फोडायचं, वरून वेल्डिंग. गाडी पळते, मागचे लोक खोकतात! मामांनी हयातीत असा एक डबा फोडला नाही. ते डबा भट्टीत तापवत, गार झाला की उलट्या बाजूनं हवेचा झोत मारत. आधीचं वजन, नंतरचं वजन, दोन्ही खडूनं भिंतीवर. काट्यावर डबा हलका भरला की मामा असे खुलायचे, जसा काही लेकराचा ताप उतरला.

पण झोत मारला की काजळी दुसऱ्या तोंडानं बाहेर यायची. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या शिंपिणीचे वाळत घातलेले कपडे काळे झाले आणि तिनं मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून मामी कापडी पिशवी घेऊन समोर बसू लागल्या. मामा इकडून झोत मारणार, मामी तिकडे डब्यावर पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरणार. अशी अकरा वर्षं.

मामांच्या नाकातोंडावर मास्क असे. मामींनाही आणून दिला होता. त्यांनी तो दोन दिवस लावला आणि खुंटीला टांगला.

"अहो, तोंड बांधलं तर बोलू कशी?"

"अगं, काजळी जाईल पोटात."

"जाऊ दे की. केस तरी काळे राहतील!"

मामा हसले आणि विषय तिथेच मिटला. झोत सुरू झाला की मामींची गोष्ट अर्ध्यात तुटायची, थांबला की तिथूनच पुढे निघायची. त्या गोष्टींच्या जोरावर मामांचे हात चालायचे.

मग मामींना जिन्याच्या चार पायऱ्या चढवेनात. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला.

"घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं?"

"नाही."

"चुलीचा धूर?"

"नाही."

"मग या काम काय करतात?"

मामांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मामीच खोकत म्हणाल्या, "काही नाही हो. नुसती बसून असते."

गेलेला दम परत येणार नाही, असं बाईंनी सांगितलं. मामांना ते पटेचना. तुंबलेलं काही आपल्या हातून मोकळं झालं नाही, असं आजवर घडलंच नव्हतं. वर्षभर मामी खिडकीशी उशांना टेकून बसल्या. बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. अर्ध्यात तुटलेली गोष्ट आता तुटलेलीच राहायची. एका दुपारी श्वासही तसाच राहिला.

दोन महिने शटर बंद होतं. उघडलं, तर तोच ट्रकवाला तुंबलेला डबा घेऊन आला. मामांनी पिशवी काढली. समोरचं स्टूल रिकामं. मग ड्रॉवरमधून पाइपाला आवळायची पत्र्याची पट्टी काढली, तिनं पिशवी डब्याच्या तोंडाला घट्ट आवळली आणि झोत मारला. चिमूटभरही काजळी बाहेर आली नाही.

"झकास, मामा! पट्टी आजच आणली वाटतं?"

"नाही. पहिल्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये आहे."

"मग मामींना एवढी वर्षं कशाला बसवलंत?"

मामांनी डबा काट्यावर ठेवला, भिंतीवर वजन लिहिलं. मागे न वळताच म्हणाले, "पट्टी लावली असती तर ती आत घरात जाऊन बसली असती रे. मग माझ्याशी कोण बोललं असतं?"