चंदाची खिरापत

चंदाला राग आला की ती भांडत नाही, नक्कल करते. तिवशात घराच्याच पुढल्या खोलीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याचा आवाज हिच्या गळ्यात शिरलाच समजा. "चंदे, बाही सैल ठेवजो वं, अन् भाव जरा आवळून!" हा नाकातला सूर कुणाचा? समोरच्या मनकर्णाबाईंचा. अख्खी गल्ली ओळखते.

चंदा अकोल्याची. तिनं अन् सत्यवतीनं मिळून इथं घर मांडलं. वैदर्भी सत्यवतीच्या पोटची, पण वाढली दोघींच्या मांडीवर. एकीला आई म्हणते, दुसरीला माय. शाळेत कुणी खोदून विचारलंच तर सांगते, "मले दोघी हायेत," आणि डबा उघडते. अडचण होती ती मनकर्णाबाईंना. माप द्यायला त्या याच घरात यायच्या, पण इथल्या पाण्याच्या पेल्याला बोट लावायच्या नाहीत.

भुलाबाईचे दिवस जवळ आले. संध्याकाळी पोरी पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमतात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. मग घरची बाई झाकलेला डबा वाजवते आणि पोरी आतली खिरापत ओळखतात. जी ओळखेल तिला पहिला घास, तोही घरच्या बाईच्या हातून. पाळ्या ठरत होत्या तेव्हा मनकर्णाबाई मध्येच कडाडल्या.

"तिथं काहून जाता वं? भुलाबाईजवळ तिचा नवरा भुलोजी पाहिजे ना? त्या घरात बाप कोनता अन् माय कोनती, हेच समजत नाही!"

वैदर्भी घरी आली आणि टिपऱ्या दप्तराच्या तळाशी दाबून ठेवल्या. रडली असती तर बरं झालं असतं.

"जाऊ दे न," सत्यवती म्हणाली.

"जाऊ देऊ? तिलेच आनतो मी. माह्या हातून खाईन थे," चंदा म्हणाली आणि तांदूळ भिजत घातले.

चंदाच्या घराची पाळी आली त्या दिवशी पोरी आल्या, पण फाटकाशीच थबकल्या. फाटकात मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.  चंदानं भुलाबाईचा पाट ओट्यावर आणला, वैदर्भीला शेजारी बसवलं आणि डबा वाजवला.

वाजता डबा आणि पोरी गप्प? "चिवडा!" वैदर्भीची मैत्रीण फलक फाटकाबाहेरून ओरडली.

"नाही."

"शेव! चकली! शंकरपाळे!"

"नाही, नाही, नाही." चंदानं डबा आणखी जोरात हलवला. गल्लीत अनारसे करावेत ते मनकर्णाबाईंनीच, हे ती जाणून होती. बाईंचे डोळे बारीक झाले. कान टवकारले. चंदानं डबा उलटा केला, सुलटा केला, पुन्हा खडखडवला. बाईंचा जीव कासावीस झाला.

"अवं हलवू नको! मोडतीन सारे! खसखस झडून राहिली, आयकू नाही येत? अनारसे हायेत थे!"

 फलक टाळ्या पिटत ओरडली, "आजीनं ओळखलं! पैला घास आजीचा!" आणि पोरींनी मनकर्णाबाईंना ढकलत ढकलत ओट्यापर्यंत आणलं. नियम त्यांनीच पोरींना शिकवलेला, मोडायचा कसा? चंदानं अनारसा त्यांच्या तोंडाशी धरला. बाईंनी डोळे मिटून चावा घेतला.

"आता हे बी ओळखा," चंदा गोड आवाजात म्हणाली, "कोनत्या मायनं केले?"

"...दोघींनी केले असतीन."

"जोरानं बोला न जी, मांगच्या पोरींले आयकू नाही आलं."

"दोघी मायनं!" तोंडातल्या भुग्यासकट बाई ओरडल्या.

सत्यवती पदरात हसली. पण अनारसा असा जमला होता की मनकर्णाबाईंचा हात आपसूक दुसऱ्यासाठी पुढे आला. तोवर चंदानं डबा वैदर्भीकडे दिला होता.

"तिले मांगा."

वैदर्भीनं डबा छातीशी धरला. कमरेवर एक हात ठेवला आणि नाकातून हुबेहूब सूर लावला, "इथं काहून खाता वं? माय कोनती, हेच समजत नाही!"

पोरी हसून हसून लोळल्या. मनकर्णाबाई तरातरा फाटकाबाहेर पडल्या. मागून फलकचा आवाज आला, "बाप्पा! अस्सल चंदामावशीचीच पोरगी!"

बाईंनी ते ऐकलं. पुन्हा ऐकू यावं म्हणून चंदानं फलकच्या हातावर दोन अनारसे ठेवले.