आतल्या बाजूची शिवण

गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं शिवणकामाचं दुकान आणि मागेच घर होतं, त्या मास्तरांना सगळे चारबोटे म्हणत. नव्या गिऱ्हाइकाची नजर आधी त्यांच्या हातांकडे जाई, कारण नाव ऐकून त्याला वाटे, बिचाऱ्याचं एक बोट मशीननं खाल्लं असणार. बोटं शाबूत होती, दोन्ही हातांची. नाव पडलं होतं ते दुसऱ्याच कारणानं. लहान मुलांचे कपडे शिवताना मास्तर खालच्या दुमडीत चार बोटं कापड जास्तीचं सोडत. मूल वाढलं की आईनं तेवढं उसवावं, इस्त्री फिरवावी, की तोच फ्रॉक आणखी एक वर्ष चालला. स्वतःचा धंदा असा स्वतःच्या हातानं बुडवणारा शिंपी गल्लीनं दुसरा पाहिला नव्हता. कोणी तसं तोंडावर म्हटलंच, तर मास्तर ओठांत धरलेली टाचणी काढून म्हणत, "पोरं वाढायचीच. कापडानं त्यांना कशाला आडवं यावं?"

माणूस सरळ, पण एक खोड होती. बिघडलेलं काही तसंच राहू देणं त्यांना जमत नसे. चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या माणसाची उसवलेली बाही दिसली, की मास्तरांचं अर्धं प्रवचन त्या बाहीत जाई. बायको कोपरानं ढोसे, तेवढ्यापुरते ते पाळकांकडे बघत. उपासना संपली की मात्र त्या माणसाला दारात गाठून त्याच्या अंगातून कोट उतरवून घेत. फाटलेलं, घट्ट झालेलं, उंदरांनी कुरतडलेलं, काहीही आणा, मास्तरांकडे इलाज असे. जगात इलाज नसलेली गोष्ट असू शकते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांना एकच मुलगी. तिला सगळे बटण म्हणत. रांगत्या वयात तिनं दुकानातलं एक काळं कोटाचं बटण गिळलं होतं आणि ते परत मिळेपर्यंत घरात कोणी धड जेवलं नव्हतं. परत कसं मिळालं ते विचारू नये. मिळाल्यावर मास्तरांनी ते धुऊन एका डबीत ठेवलं, आणि कोणी पाहुणा आला की बटण स्वतःच ती डबी आणून दाखवी. शाळेतून आली की ती मशीनशेजारी स्टुलावर बसे, बापानं खाली टाकलेले दोरे गोळा करी आणि गिऱ्हाइकांच्या हुबेहूब नकला करून बापाला हसवी. मास्तर हसले की टीप वाकडी जाई, मग उसवणं आलं. तरीही ते तिला थांबवत नसत.

अकरावं सरता सरता बटण जिन्यात थांबायला लागली. मग सपाट रस्त्यावर पडायला लागली. आधी चपलांना दोष दिला, मग चष्म्याला. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी आईबापांना समोर बसवलं आणि सांगितलं, की पोरीचे स्नायू झिजताहेत, आणि ही झीज थांबवणारं औषध नाही. डॉक्टर वाईट नव्हते.

"रोज वजन करत बसू नका," ते म्हणाले. "पोर घाबरेल. अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले, की समजा आजार पुढे सरकला."

असं सांगावं आणि तेही एका शिंप्याला!

त्या दिवसापासून आईची नजर पोरीच्या कपड्यांवर खिळली. सकाळी फ्रॉक घातला, की ती काखेखाली दोन बोटं सरकवून बघे. बोटं अडकली की तिचा चेहरा उजळे. "बसतोय की अजून!" ती म्हणे आणि कामाला लागे. मास्तर कात्री हातात धरून ते बघत. त्यांच्या नजरेला टेप लागत नसे. खांदा उतरलाय, पाठीवरचं कापड फुगतंय, हे त्यांना बायकोच्या बोटांच्या कितीतरी आधी दिसलं होतं.

बायको दुपारी बेकरीच्या काउंटरवर कामाला जाई. एका दुपारी पोरगी आतल्या खोलीत झोपली असताना मास्तरांनी खुंटीवरचा निळा फ्रॉक काढला, उलटा केला आणि दोन्ही बाजूंनी बारीक टीप मारून आत घेतला. मग इस्त्री करून पुन्हा खुंटीवर लावला. जुनी टीप त्यांनी उसवली नाही, उसवली असती तर भोकं दिसली असती. दुसऱ्या दिवशी आईनं बोटं सरकवली. ती अडकली.

रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, वेळ आली तेव्हा आई उभी राहिली. एरवी चार लोकांत तोंड न उघडणारी बाई. "देवाचे आभार मानते," ती म्हणाली. "माझ्या लेकीचा फ्रॉक तिला अजून बसतोय." सगळी मंडळी आमेन म्हणाली. पाळक तरुण होते आणि लवकर गहिवरत. ते चष्मा पुसायला लागले. मास्तर आपल्या बुटांच्या नाडीकडे बघत बसले.

एकदा सुरुवात झाली म्हटल्यावर थांबणार कुठे? निळ्यानंतर पिवळा, पिवळ्यानंतर शाळेचा, मग पुन्हा निळा. जरा कुठे कापड सुटलेलं दिसलं की दुपारी मशीन चाले. आणि दर काही आठवड्यांनी बायको उभी राहून आभार मानी. मास्तरांना वाटे, जमीन दुभंगावी आणि मशीनसकट आपल्याला पोटात घ्यावं. खरं सांगावं तर तिची आशा आपल्या हातानं मोडायची. न सांगावं तर देवाच्या घरात बायकोला खोटी साक्ष द्यायला लावायची.

देवाशी तर त्यांनी अबोलाच धरला होता. घरात जेवणाआधी तिघं मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत. देवाच्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असं जिथे म्हणायचं असतं तिथे मास्तरांचे ओठ मिटत. पुढची ओळ रोजच्या भाकरीची, तिथे ते पुन्हा सामील होत. भाकर मागायला त्यांची हरकत नव्हती. पण ही इच्छा? कसली इच्छा? कोवळं पोर दिवसागणिक विरघळवायची? मशीनवर वाकल्या वाकल्या ते पुटपुटत, "मी तरी कुणाचं कापड असं नासवलं नाही रे." पायडल हाणत ते पुढची टीप घालत.

पुढच्या वर्षी बटणचं दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा चर्चमधला विधी, ठरलं. पाळक तिला घरी येऊन शिकवत. आता ती चाकांच्या खुर्चीत बसे, आणि पाळक जरा लांबण लावायला लागले की मान खाली घालून घोरल्याचा आवाज काढी. तिच्यासाठी पांढरा फ्रॉक शिवायचा होता. दुपारी माप घ्यायला मास्तर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी टेप तिच्या छातीभोवती फिरवला. आकडा बघून त्यांनी तो लगेच मुठीत लपवला.

"बाबा," बटण म्हणाली, "या वेळी सैल शिवा."

"सैल कशाला? अंगाबरोबर बसलेला छान दिसतो."

"शिवणी टोचतात मला."

"कुठल्या शिवणी?"

तिनं आपल्या निळ्या फ्रॉकची बाजू चिमटीत धरून आतून थोडी उलटली. काखेखाली टिपांवर टिपा चढून जाडजूड वळ तयार झाला होता. त्याच्याखाली तिच्या बरगडीवर लाल चट्टा उठला होता. लोकांच्या कपड्यात एक गाठ राहिली तरी ज्यांना चैन पडत नसे, त्यांनी पोटच्या पोरीच्या अंगाला हे घातलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"दुपारी मशीन चालतं ते ऐकू येतं की. मी काय सारखी झोपते?" ती हसली. "तुम्हाला बरं वाटत होतं, म्हणून मी पडून राहायचे."

मास्तर टेपची गुंडाळी करत राहिले, पुन्हा सोडत राहिले.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "गल्लीतल्या सगळ्या पोरांना चार बोटं सोडता. माझ्या फ्रॉकला सोडायचं बंद केलंत."

हेही खरं होतं. डॉक्टरांकडून आल्यावर तिच्यासाठी शिवलेल्या एकाही फ्रॉकला त्यांनी खाली जास्तीचं कापड ठेवलं नव्हतं. ठरवून नाही. कात्रीच तिथे वळे.

"बटण, अगं..."

"मी वाढेन की नाही ते देवाला बघू दे ना, बाबा. तुम्ही कापड सोडा."

एवढंच म्हणून तिनं पाणी मागितलं. आता पेला तिला एका हातानं पेलत नसे, म्हणून मास्तरांनी तो तिच्या ओठांना लावून धरला.

पांढरा फ्रॉक त्यांनी सैल शिवला. आत एकच टीप, मऊ कापडाची पट्टी लावून झाकलेली. खाली दुमडीत मोजून चार बोटं. दृढीकरणाच्या सकाळी आईनं तो पोरीला घातला आणि सवयीनं काखेखाली बोटं सरकवली. बोटं अडकली नाहीत. अख्खा तळवा आत गेला. मास्तर दाराची चौकट धरून उभे होते. आता ती ओरडेल, आता मटकन खाली बसेल, असं त्यांना वाटलं. तिनं हात काढला, फ्रॉकची पाठ सारखी केली आणि म्हणाली, "चला, उशीर होतोय."

चर्चमध्ये पाळकांनी बटणच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तिनं नक्कल वगैरे काही केली नाही. डोळे घट्ट मिटून बसली होती. साक्षीच्या वेळी आई उभी राहिली, तेव्हा मास्तरांचा जीव टांगणीला लागला.

"आज फ्रॉक सैल आहे," ती म्हणाली. पुढच्या बाकाची कड धरली. "तरी आभार मानते." आणि बसली. त्या दिवशी आमेन म्हणायला मंडळींना जरा वेळच लागला.

परतीच्या वाटेवर मास्तर खुर्ची ढकलत होते. पोरीला डुलकी लागली होती. त्यांना आता दम धरवेना. "मी तुला फसवलं," ते बायकोला म्हणाले. "कपडे मी आत घेत होतो. पहिल्यापासून."

"अहो, कपडे धुतं कोण घरात?"

मास्तर चालायचे थांबले.

"रंग उडू नये म्हणून मी उलटे करूनच वाळत घालते," ती म्हणाली. "पहिल्या धुण्यालाच दिसलं मला."

"मग चर्चमध्ये उभी राहून..."

"मी काय खोटं बोलले? पोरगी बरी होतेय असं कधी म्हटलं का? फ्रॉक बसतोय म्हटलं. तो कुणाच्या हातानं बसतोय ते मला दिसत होतं, आणि ते हात मला देवानंच दिलेत. त्याचेच आभार मानत होते." तिनं पदर डोळ्यांना लावला. "दुसरं काय होतं हो आभार मानायला?"

रस्त्याच्या मधोमध उभं राहून मास्तर रडले. पोरीच्या आजारात पहिल्यांदाच. मागून येणारी माणसं बाजूनं निघून गेली.

त्यानंतर दुपारी मशीनवर फक्त गिऱ्हाइकांची कामं होत. जुन्या फ्रॉकमधल्या सगळ्या टिपा मास्तरांनी एक एक करून उसवल्या, बटणच्या समोर बसून. ती दोरे मोजायची आणि मध्येच चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. कपडे तिच्या अंगावर लोंबायला लागले आणि ते सगळ्यांना दिसलं. घरात लपवालपवी उरली नव्हती, म्हणून दुःख कमी झालं असं मात्र नाही. उलट ते तिघांच्या मध्ये येऊन बसलं. मग अंथरूण आलं, मग श्वास. बरं होण्याची प्रार्थना दोघंही करत राहिली, शेवटपर्यंत. ती काही ऐकली गेली नाही. वर्ष उलटायच्या आत, एका साध्या सकाळी, आई तिचे केस विंचरत असताना बटण गेली.

तिला पांढराच फ्रॉक घालायचा हे बोलावंही लागलं नाही. आईनं तो घातला, बाह्या सारख्या केल्या आणि खाली ओढायला गेली तर तो पुरेना. गुडघ्यांच्या वरच राहिला. अंग वितळून गेलं होतं, पण अंथरुणावर पडल्या पडल्या पोर उंचीनं वाढली होती. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"अहो," आई म्हणाली, "आखूड होतोय."

मास्तर सुई आणि छोटी कात्री घेऊन आले. पलंगाशी गुडघ्यांवर बसून त्यांनी खालची दुमड उसवली. चारही बोटं कापड सोडलं, जुनी घडी हातानंच दाबून सपाट केली आणि कडेला बारीक हातशिलाई घातली. दोरा दातानं तोडताना त्यांचं तोंड पोरीच्या पायांना लागलं, तसं त्यांनी ते तिथेच ठेवलं. फ्रॉक गुडघ्यांखाली आला. अगदी बरोबर बसला.

दफन झालं. गल्लीतली पोरं आली होती, चार बोटं सोडलेले कपडे घालून. पाळकांनी प्रवचन आवरतं घेतलं.

संध्याकाळी शेजारणीनं ताटं वाढून दिली आणि ती निघून गेली. दोघं समोरासमोर बसली. स्टूल मशीनशेजारी होतं तिथेच होतं. नेहमीप्रमाणे बायकोनं प्रार्थना सुरू केली. आकाशातल्या बापाच्या नावापर्यंत तिचा आवाज ठीक होता. त्याच्या इच्छेची ओळ आली आणि ती थांबली. तिनं दोनदा तोंड उघडलं. शब्द फुटला नाही. आजार आल्यापासून ती ओळ घरात तिनं आणि पोरीनंच सांभाळली होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं.

मास्तरांनी हात जोडले. त्यांना काही समजलं होतं असं नाही. का, हे त्यांना त्या दिवशीही कळलं नव्हतं, पुढेही कधी कळलं नाही. पण ती ओळ त्यांनी म्हटली, फाटलेल्या आवाजात, एकट्यानं, दोघांच्याही वाटची. मग बायकोला सूर सापडला आणि उरलेली प्रार्थना त्यांनी मिळून म्हटली.