कशावरून गुरुजी

आज पाणी येते, असं कोणी म्हटलं की गुरुजी विचारत, "कशावरून?" शाळेतून निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. राळेगावात त्यांचं नावच पडलं, कशावरून गुरुजी.

जैन मंदिरातली जुनी पोथी कोणी लिहिली, कधी लिहिली, याच्या ते मागे लागले होते. कापसाची जिनिंग बंद पडून काम गेल्यापासून मी मंदिरात झाडलोट करायचो. पोथीला गुंडाळायचं कापड माझी बायको शिवायची. गुरुजी मोठ्यानं वाचत, आम्ही दोघं ऐकत बसायचो. कळायचं थोडंच, पण बरं वाटायचं.

लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर होतं. पण दर श्रुतपंचमीला पोथीची पूजा व्हायची आणि लोक नेमकं त्या नावालाच केशराचं गंध लावायचे. बापानं लावलं म्हणून पोरानं लावलं. नाव गेलं, डाग राहिला.

बायको म्हणाली, "पाया पडून पडूनच पुसून टाकलं न जी त्याले."

गुरुजींनी तेव्हा "कशावरून?" असं विचारलं नाही.

त्या सालांत कापसाला कोणी विचारत नव्हतं. मंदिराचे अध्यक्ष कापसाचे अडते, दुकानात माश्या मारत बसलेले. पोथी दोन हजार वर्षांची निघाली तर यात्रा लागेल, बाजार उठेल, असा त्यांचा हिशेब. गुरुजींनी भर सभेत सांगितलं, "हिच्यात दुसऱ्या ग्रंथातल्या गाथा घेतल्या आहेत. तो ग्रंथ बराच अलीकडचा. मग ही त्याच्या आधीची कशी?"

"मंग लिहिली कोनं?"

"ठाऊक नाही."

"इतके वर्षं बसून हेच काढलं काय, गुरुजी?"

"हेच. ठाऊक नाही तिथं जागा कोरी सोडावी, शेठजी."

दुसऱ्या दिवशी पोथीच्या कपाटाला कुलूप लागलं. गुरुजी तरी रोज सकाळी येत, कपाटापुढे उभे राहत आणि घरी जात. थंडीत यायचे थांबले, ते कायमचेच. त्यांची तेरवी झाली नाही तोच भिंतीत संगमरवरी पाटी बसली. वर पोथी लिहिणारे म्हणून मोठ्या आचार्यांचं नाव, खाली पोथीचं वय दोन हजार वर्षं. यात्रा काही आली नाही. पाटी पुसायचं काम मात्र माझ्याकडे आलं.

पुढच्या उन्हाळ्यात बायको गेली. ताप काय होता, डॉक्टरलाही सांगता आलं नाही. बसायला येणारे मात्र सगळे जाणते. कोणी म्हणे नशीब, कोणी म्हणे नजर. अध्यक्षही आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देवानं बलावलं तिले."

मी त्यांचा हात खाली केला आणि विचारलं, "कशावरून?"