कच्च्या सोयाबीनचा विजय

देवरावांनी चौतीस वर्षे पोलाद कारखान्यात, रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या रेल मिलच्या भट्टीवर काढली. तापलेला पोलादाचा ठोकळा नुसत्या रंगावरून ते ओळखत. "पोटात कच्चा आहे अजून, राहू द्या," असं ते म्हणाले की इंजिनिअरसुद्धा घड्याळ बघायचं सोडून थांबत. असा हा माणूस निवृत्त होऊन रिसालीच्या घरात बसला आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी विस्तवाचा वैरी झाला.

निमित्त हर्नियाचं. ऑपरेशनची तारीख ठरली होती; पण रक्तातलं अल्ब्युमिन निघालं २.९. डॉक्टर गीतांजली म्हणाल्या, "प्रथिनं कमी पडताहेत, जखम भरायची नाही. साडेतीन करून या. आणि फार लांबवू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल."

ते शेवटचं वाक्य त्यांच्या बायकोने, सिंधुताईंनी, घरी आणलं. देवरावांनी फक्त 'प्रथिनं' तेवढं आणलं.

सकाळी फिरायला सोबत येणाऱ्या बाबुलालने मोबाइलवर कुणा महाराजांचा व्हिडिओ पाहिला होता. शिजवलेलं अन्न मेलेलं असतं. खरी ताकद कच्च्या, भिजवलेल्या सोयाबीनमध्ये. त्याच दिवशी देवरावांनी वरण बंद केलं, अंडी बंद केली. रोज सकाळी फिरून आले की दोन मुठी कच्चं सोयाबीन, संध्याकाळी पुन्हा दोन. आठ दिवसांत त्यांचं पोट असं बोलू लागलं की सिंधुताईंनी देवघर मागच्या खोलीत हलवलं.

"अवो, रोज चारदा धावून राहिले तुमी संडासले. हे काय ताकदीचं लक्षण हाय?"

"घाण निघून राहिली वं अंगातली. चाळीस वर्षं तुह्या हातचं शिजवलेलं खाल्लं, येळ तं लागनच!"

सहा आठवड्यांनी अल्ब्युमिन निघालं २.६. जांघेतला हर्नियाचा फुगा लिंबाचा पेरू झाला होता आणि खोकताना देवराव तो हाताने दाबून धरत.

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, पोटातला जो रस प्रथिनं तोडतो, त्यालाच धरून ठेवणारं एक द्रव्य कच्च्या सोयाबीनमध्ये असतं. खाता भरपूर, अंगी लागत नाही. नीट उकळलं की त्या द्रव्याचा जोर जातो. तेच सोयाबीन शिजवून खा."

बाहेर येताच देवराव म्हणाले, "कालची पोरगी. तिले काय मालूम आगीचं? आग काय करते ते मले इचार."

सिंधुताईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून देवरावांची पाठ वळली की त्या भिजलेलं सोयाबीन पातेल्यात टाकून चांगलं अर्धा तास उकळायच्या. कुकर नाही, शिट्टीने घात केला असता. मग थंड पाण्याखाली धरून, निथळून, वाटी फ्रिजमध्ये. ते येईपर्यंत खिडकी उघडी.

पहिल्या दिवशी देवरावांनी दाणा चावला आणि थांबले. सिंधुताईंचा हात पदरातच राहिला.

"आज नरम कावून हाय?"

"दुकानदारानं दुसरं बी देल्लं. लवकर भिजते म्हणे."

"हेच आनत जाय. कच्च्याची चव आत्ता कुठं लागून राहिली."

पोलादाचं पोट बाहेरून ओळखणाऱ्या माणसाला तोंडातला दाणा शिजलाय हे पुढचे दोन महिने कळलं नाही. पोट मात्र पहिल्याच आठवड्यात गप्प झालं.

तिसरा रिपोर्ट ३.६. ऑपरेशनची तारीख मिळाली, पुढचा मंगळवार. देवरावांनी रिपोर्ट डॉक्टरांसमोर असा ठेवला, जणू त्या नापास झाल्या होत्या.

"पाहा मॅडम. कच्चं!"

डॉक्टरांनी सिंधुताईंकडे पाहिलं. सिंधुताई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

संध्याकाळी बाबुलाल आला. तोही इतके दिवस कच्चंच सोयाबीन खात होता. गालफडं बसलेली, पँट दोरीने बांधलेली. "भैया, मेरा तो पेट ही नहीं संभल रहा है."

"विश्वास पायजे रे बाबुलाल! दोन मुठी खातो तं चार खा!" मग बायकोकडे वळून देवराव म्हणाले, "पटलं का आता तुले?"

"पटलं," सिंधुताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे मित्र कोपऱ्यावरून वळले. सिंधुताईंनी घरचं पातेलं उतरवलं, दार लोटलं आणि त्या बाबुलालच्या बायकोकडे गेल्या. जाताना तिच्यासाठी एक मोठं पातेलं नेलं, चार मुठींचं.