ईशूच्या कमरेची ओढणी

जालन्याच्या बसस्थानकावर आम्ही चौघं उभे होतो: मी, माझा अडीच वर्षांचा मुलगा ईशू, शेजारच्या सविताताई आणि त्यांची चार वर्षांची रुही. खरं म्हणजे आम्ही तिघंच. ईशूला स्वतंत्र माणूस म्हणून मोजावं अशी परिस्थिती अजून आलेली नव्हती. हे गृहस्थ कायम माझ्या ओढणीच्या टोकाला असतात. पोळ्या लाटताना, दळण आणायला जाताना टोक त्याच्या मुठीत. अंघोळीला गेले तरी दाराच्या फटीखालून टोक बाहेर सोडावं लागतं, नाहीतर अख्खी गल्ली गोळा होते.

साताऱ्याहून बदली होऊन आम्ही इथे आलो, तेव्हापासून हे जास्तच वाढलं होतं. सोमवारपासून मला एका शाळेत शिकवायला रुजू व्हायचं होतं आणि त्याला बालवाडीत. मागच्या आठवड्यात त्याला तिथे बसवून पाहिलं, तर त्याने असा काही टाहो फोडला की बाईंनी मलाच आत सतरंजीवर बसवून घेतलं. पुन्हा तसंच झालं तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. ही नोकरी मला मनापासून हवी होती.

"वैनी, रुहीच्या मामाकडं कापसाची येचणी चालू हाय," सविताताई म्हणाल्या होत्या. "चला एक दिवस. लेकराला जरा माती लागू द्या."

बसमध्ये दोन्ही पोरं खिडकीशी. रुही त्याला जगाची माहिती देत होती आणि तो टोक चोखत ऐकत होता. जाफराबादला उतरून आम्ही जीपमध्ये बसलो, तर एका आजोबांबरोबर त्यांची शेळीही चढली. ईशूची शेळीशी ओळख फक्त चित्रांच्या पुस्तकातली. या शेळीला वास होता, आणि तिने सरळ त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. ईशू माझ्या कुशीत शिरला.

"काई करत न्हाई ती," रुही म्हणाली आणि त्याचा हात धरून शेळीच्या कानावर ठेवला. त्याने तो झटक्यात मागे घेतला. थोड्या वेळाने मात्र हात आपणहून पुढे गेला. दुसऱ्या हातात अर्थातच ओढणी होती.

गावाबाहेर शेतात पोचलो तेव्हा काम सुरूच झालं नव्हतं. पानांवरचं दव वाळल्याशिवाय इथे कापसाला हात लावत नाहीत, ओला वेचलेला कापूस पिवळा पडतो म्हणे. त्यामुळे बायका धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) चहा पीत बसल्या होत्या. समोर पांढरं शेत लांब पूर्णेच्या दिशेने उतरत गेलेलं. मला इतकं उघडं आभाळ पाहायची सवय नव्हती, आणि त्याकडे बघत राहावंसं वाटलं.

ऊन चढलं तसं रुहीच्या मामींनी पदर खोचला. प्रत्येक बाईने कमरेला जुन्या लुगड्याचं फडकं बांधून ओटी केली (वेचलेला कापूस टाकायची झोळी). रुहीलाही एक छोटी ओटी मिळाली. ईशू टक लावून बघत होता. मामींनी इकडेतिकडे पाहिलं, आणखी फडकं नव्हतं. मग त्यांची नजर माझ्या खांद्याकडे गेली.

"ही द्या की ताई."

"मामी, तो सोडायचा नाही ती."

"सोडायला कोण म्हणून राह्यलं? त्याच्याच आंगाला बांधते."

त्यांनी ओढणी माझ्या खांद्यावरून ओढून घेतली. टोक त्याच्या मुठीतच राहिलं. बाकीची त्यांनी त्याच्या पोटाभोवती फिरवली, पुढे झोळ ठेवला आणि पाठीमागे गाठ मारली. ईशूने खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ओढणी होती, पण तिच्या दुसऱ्या टोकाला मी नव्हते. त्याचा ओठ थरथरला.

"चल ना जल्दी," रुही म्हणाली, "माझ्या तासात ये." तास म्हणजे पऱ्हाटीची (कपाशीची) ओळ. आणि तिने त्याचा हात धरून त्याला नेलंसुद्धा.

पऱ्हाटी त्याच्यापेक्षा उंच. दोन पावलांत तो दिसेनासा झाला. मी उठले.

"बसा ताई," मामी पलीकडून म्हणाल्या. "ते तुमच्याकडं बघून राह्यलं तर येचणार कव्हा?"

मी बसले. चहा गार होत गेला. तेवढ्यात आतून किंकाळी आली आणि मी कशाचीही पर्वा न करता धावत सुटले. झाडांमधून दिसलं ते असं: वाळक्या बोंडाचं टोक ईशूच्या बोटाला टोचलं होतं. रुही कापसाच्या पुंजक्याने ते बोट पुसत होती, फुंकर घालत होती. "गेलं बघ. आता हळू धरायचं, असं." ईशूने हुंदका दिला, नाक ओढणीला पुसलं आणि दोन बोटांनी पुढचं बोंड धरलं. कापूस निघाला. त्याने तो झोळीत टाकला आणि आत वाकून पाहिलं, आहे ना म्हणून. मी चार हातांवर उभी होते, पण त्याने मला शोधलं नाही.

मी हळूच मागे आले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याआधी, खोटं कशाला बोलू, धुऱ्यावर बसून मी थोडी रडले.

जेवायला सगळे बाभळीखाली जमलो. भाकरी, वांग्याची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. ईशूच्या ओटीत कापसापेक्षा पालाच जास्त होता. मामींनी हसून सोडून दिलं नाही. एकेक पान, एकेक काडी वेगळी केली आणि उरलेला मूठभर कापूस मोठ्या ढिगावर ठेवला. "बराबर. ह्याची बी येचणी आली." ईशूने त्या ढिगाकडे बराच वेळ पाहिलं. गाठ मात्र त्याने कुणाला सोडू दिली नाही.

परतीच्या बसमध्ये तो ओढणीसकट झोपला. माझा खांदा मोकळा मोकळा वाटत होता. एका दिवसात मूल बदलतं अशा गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही, त्यामुळे सोमवारची धास्ती काही गेली नव्हती.

आणि सोमवारी बालवाडीच्या दारात तो मागच्यासारखाच फतकल मारून बसला आणि रडू लागला. टोक घट्ट मुठीत. संपलं, मी मनात म्हटलं, आता शाळेत काय कळवायचं? मग त्याने नाक पुसलं, ओढणी माझ्या खांद्यावरून खसकन ओढली आणि स्वतःच्या पोटाशी धरली.

"बांद."

मी बांधली. मामींसारखी, गाठ पाठीमागे.

"हे काय रे?" बाईंनी विचारलं.

"ओटी," ईशू म्हणाला आणि आत गेला.

मी थोडा वेळ दारात थांबले. मग भर बाजारातून, बिनओढणीची, शाळेत रुजू व्हायला निघाले.