वहिनीच्या वर्गातले हात

आमची वहिनी गणिताची बाई. शाळेची इमारत दुरुस्तीला निघाली आणि तिचा पाचवीचा वर्ग ऑनलाइन होऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. वर्ग कसला, चौतीस काळे चौकोन! पोरं बसलीत की पळालीत, देव जाणे. लॅपटॉप लावून द्यायला मी, तिचा दीर, फुकटचा मेकॅनिक.

मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं. शुक्रवारी ते स्वतः तासाला बसणार, आणि निम्मे कॅमेरे चालू दिसले नाहीत तर वहिनीचा तास बंद, पोरांना रेकॉर्ड केलेले धडे. अठरा वर्षं शिकवणाऱ्या बाईवर कॅमेऱ्यांसाठी विनवण्या करायची पाळी आली. तिने पोरांना आधी दम दिला, मग लाडीगोडी लावली, मग चक्क गाणं म्हटलं. गाण्यानंतर दोघं तास सोडून गेली. मी हसलो, तर मला भांडी घासायला पिटाळलं.

पण राग मला मुख्याध्यापकांचा आला होता. त्यांच्या मागे पुस्तकांचं कपाट असतं. पोरांच्या मागे वाळत घातलेल्या चड्ड्या, घोरणारे आजोबा, भांडणारे आईबाप. कोणतं पोर दाखवेल? तसं मी वहिनीला सुनावलंही. दुसऱ्या दिवशी ती वर्गाला म्हणाली, ‘‘चेहरा नको. फोन दोन डब्यांवर आडवा ठेवा, कॅमेरा खाली, मला नुसती वही दाखवा.’’ गुरुवारपर्यंत एकतीस हात दिसायला लागले.

शुक्रवारी मुख्याध्यापक स्क्रीनवर आले आणि लगेच कुरकुरले. हे नुसते हात, कोणाचेही असतील, मुलं कुठायत? वहिनी शांतपणे सांगत गेली. हा डावखुरा, हातचा विसरतो. ही आधी उत्तर लिहिते, मग गणित. हा खोडरबर खातो.

‘‘आणि शेवटचा?’’ मुख्याध्यापकांनी विचारलं.

वहिनी स्क्रीनजवळ वाकली. झालं, म्हटलं, बाईंचं दुकान बंद.

‘‘हा माझ्या वर्गातला नाही,’’ ती म्हणाली. ‘‘या चौकोनातली मुलगी शून्य खालून काढते. हे वरून काढलंय.’’

तो हात चटकन मागे गेला. मग एका बाईचा आवाज आला. ‘‘मी तिची आई. ती इथंच आहे, शेजारी. मला भागाकार कधी कोणी शिकवलाच नाही, बाई. उठू का?’’

वहिनीने मुख्याध्यापकांना विचारलंसुद्धा नाही.

‘‘पेन्सिल उचला. गणित सांगतेय.’’

मुख्याध्यापक तास संपेपर्यंत बसले, आणि रेकॉर्डिंगचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्या आईचं उत्तर चुकलं. वहिनीने तिला ते पुन्हा करायला लावलं.