चौथ्या माळ्यावरून मतदानाला
आज सकाळी दाराखालून मतदानाची चिठ्ठी आत आली आणि मला ती प्लास्टिकची खुर्ची आठवली. मागे एका निवडणुकीच्या वेळी माझे गुडघे नुकतेच गेले होते आणि लालबागच्या आमच्या चाळीत मी चौथ्या माळ्यावर, म्हणून पक्षाच्या चार पोरांनी मला खुर्चीत बसवून गणपतीसारखं खाली नेलं. मत टाकून बाहेर आलो तर म्हणतात, "आजोबा, आपल्यालाच ना?" मी म्हटलं, "ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही." "मग आता आजीलाच बोलवा उचलायला!" असं म्हणून हसत त्यांनी मला चाळीच्या जिन्यापाशी उतरवलं आणि खुर्ची घेऊन गेले. विनवण्या करणं माझ्या रक्तात नाही, कठड्याला धरून बसत-उठत एकटाच चढलो. तिसऱ्या माळ्यावर एक धडधाकट शेजारी गॅलरीत चहा पीत उभा. म्हणाला, "कशाला गेलात मरायला? काय फरक पडतो?" आणि कप पुढे केला. त्याच्या बोटाला शाई नव्हती. पोरांचा राग केव्हाच गेला, ती निदान मतासाठी राबत तरी होती. पण ह्याची मला किळस आली. घसा सुकला होता, तरी तो चहा घेतला नाही, आणि आजही त्याच्या घरचं पाणी मी पीत नाही.